दाजींसाठी लावलेली लिलीपिली

कायामा, ९ एप्रिल १९८९

चि. डेसमंड यास ताईचे अनेक आशीर्वाद.

आयरिसचा गुडघा कसा आहे? तिला शिडीवर चढू देऊ नकोस. तुझ्या नर्सरीची रोपं सोडून बायकोकडेही बघ जरा.

आमच्या मागच्या शेजारणीनं, व्हुलानं, दुमजली घर बांधलंय. वरच्या गॅलरीतून आमची सगळी बाग दिसते. तुझे दाजी क्लाइव्ह आता कधी पायजम्यात, कधी त्याशिवायच टोमॅटोच्या वाफ्यात जाऊन उभे राहतात आणि आज शाळा भरली का म्हणून विचारतात. ज्यांच्यापुढे सगळं गाव चळाचळा कापायचं, ते हेडमास्तर रे! गावात मी कोणाला काही सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. व्हुला मात्र मेली दिवसभर डोळे लावून बसते. दोनदा वरून ओरडली, की हे रस्त्याकडे निघालेत. सगळ्या गल्लीनं ऐकलं. लाजेनं मेले मी. कुंपणाशी आडोशाला बारा महिने पानं टिकणारं, लवकर वाढणारं काहीतरी सुचव.

तुझी
थेलमाताई

बाथर्स्ट, २० एप्रिल १९८९

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

लिलीपिली लाव. आपल्याच मातीतलं झाड, फार लाड मागत नाही. कुंपणापासून हातभर सोडून लाव, म्हणजे मागे शिरून कात्री चालवता येईल. शेंडे खुडत राहिलीस तर बुडापासून दाट होईल. पांढरी झुबकेदार फुलं येतात, मग गुलाबी फळं. जॅम कर आणि इकडे धाड, तुझा कंजूषपणा मला ठाऊक आहे.

पण ताई, रागावू नकोस. दाजींना काय झालंय ते एखाद्या माणसाला तरी सांग. एकटीला नाही झेपायचं.

आयरिसचा नमस्कार. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
डेसमंड

कायामा, १५ नोव्हेंबर १९९२

चि. डेसमंड, अनेक आशीर्वाद.

बहरली रे! दोन माणसं उंच झालीय, मुंगी शिरणार नाही इतकी दाट. फांद्या थेट कुंपणाला भिडल्यात. गॅलरी दिसत नाही, व्हुला दिसत नाही. हे कसेही फिरोत, आता मला धास्ती नाही. सांगण्यासवरण्याचं तेवढं पुन्हा लिहू नकोस.

तुझी ताई

कायामा, ३ फेब्रुवारी १९९३

चि. डेसमंड,

हे सापडले, जिवंत आहेत, आधी एवढं वाच. शनिवारी जेवून माझा डोळा लागला. उठले तर हे नाहीत. मी गाडी घेऊन बंदरापर्यंत शोधत हिंडले. पोलिसांना सांगायलासुद्धा संध्याकाळ केली, कारण मग सगळ्यांना कळलं असतं. हे होते झाडांच्या मागे, कुंपणापासून सोडलेल्या त्या हातभर फटीत. खुबा मोडला होता. त्या उन्हात दुपारभर पडून होते रे! पोलिसांच्या कुत्र्याला सापडले. इस्पितळातले म्हणतात, मी एकटी असेन तर घरी सोडणार नाहीत, वृद्धाश्रमातच पाठवतील. तिथे हे आठवडाभरही काढणार नाहीत. काय करू?

ताई

बाथर्स्ट, ८ फेब्रुवारी १९९३

ती. ताईस, सा. न.

शुक्रवारी करवत घेऊन येतो. झाडं मुळासकट काढू. स्वतःला बोल लावू नकोस, हातभर सोडायला मीच सांगितलं होतं.

डेसमंड

कायामा, १० फेब्रुवारी १९९३

चि. डेसमंड, अनेक आशीर्वाद.

काल पहिल्यांदाच व्हुलाच्या दारात गेले आणि सगळं सांगितलं. तिला केव्हाच कळलं होतं. तिच्या वडिलांचंही असंच झालं होतं म्हणे, म्हणून मुद्दाम गॅलरीत बसायची. झाडं वाढली तशी तिला वाटलं, आपण नजरेला नको झालोय. म्हणून खुर्ची आत नेली. त्या शनिवारी ती घरातच होती. हाक आल्यासारखी वाटली, पण आपण डोकावलं तर मला आवडणार नाही म्हणून बाहेर आली नाही.

मी तिथेच पायरीवर बसून रडले. तिनं मला कॉफी पाजली आणि दुपारी आपण लक्ष ठेवू असं इस्पितळात येऊन सांगितलं. सोमवारी ह्यांना सोडतील. मला ओळखत नाहीत आता, नर्सच समजतात.

तू ये. मुळासकट नको, कमरेइतकी ठेव. आधी व्हुलाच्या गॅलरीत जा, तिच्या खुर्चीत बसून बघ आणि मागच्या व्हरांड्यात टाकलेली ह्यांची खाट दिसेपर्यंत काप.

तुझी वाट पाहणारी
थेलमाताई