ट्रॉलरचं तेल

बाबा,

बंदररस्त्यावरच्या तुमच्या गॅरेजात गाडी सोडून, तुमच्यावर विसंबून समोर चहा पीत बसलेल्या प्रत्येक ड्रायव्हरच्या वतीने हे लिहितेय. त्यांची तक्रार एकच आहे: त्यांच्या गाडीला काय चालतं, हे तुम्ही कधी बघितलंच नाही. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. हा नियम जिवंतांना गप्प बसवण्यासाठी केलाय, असं मी कितीतरी सभांत सांगितलं. तुमच्याबाबतीत मात्र तो मुकाट पाळला.

तुमची उमेदीची वर्षं मासेमारीचे ट्रॉलर दुरुस्त करण्यात गेली. मग पर्यटक आले, टॅक्स्या आल्या आणि त्याच हातांनी तुम्ही गाड्या उघडायला लागलात. पॉवर स्टिअरिंगचं तेल कमी झालं की ट्रॉलरच्या सुकाणूचं हायड्रॉलिक तेल ओतायचात. गाडी कुठलीही असो, कॅन तोच. एकीला लाल तेल लागतं, दुसरीला हिरवं. टाकीच्या झाकणावर ते लिहिलेलं असतं. तुम्ही झाकण फडक्यावर पालथं ठेवायचात.

चैत्रातली ती दुपार मला अजून दिसते. शेजारचे टॅक्सीवाले काका बॉनेटपाशी उभे आहेत. "ह्या तेल चलात मा?" ते विचारतात. तुम्ही हसता. "येवढो ट्रॉलर वळता रे हेच्यार. तुझो डबो वळूचो नाय?" मी झाकण उचलून वाचलेलं आहे, म्हणून तोंड उघडते. तुम्ही मान न वळवता म्हणता, "चेडवा, तुझा भाषण सभेत. हय इंजिना बोलतत." काकाही हसतात. मी झाकण खाली ठेवते.

काही आठवड्यांत काकांच्या स्टिअरिंगचा पंप कुंथायला लागला. त्या तेलाने रबरी सील खराब झाले आणि तेल गळून गेलं. घाटातल्या वळणावर स्टिअरिंग दगडासारखं झालं. गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात गेली म्हणून माणसं वाचली. काकांचं मनगट मोडलं. तुम्ही शहाळी घेऊन त्यांना बघायला गेलात आणि खाटेशी उभं राहून म्हणालात, "वय झाला तुझा. हात हलको पडलो." त्यांनी ते खरं मानलं. पुन्हा गाडी हातात घेतली नाही. गळलेलं तेल तोवर तुम्ही बघून आला होतात, बाबा. चुकीचं तेल ओतणारा अडाणी असू शकतो. पण ज्याचा हात मोडला त्यालाच दोषी ठरवणारा माणूस अडाणी नसतो, भेकड असतो.

आता गॅरेज दादा चालवतो. परवा त्याला बोलले, तर म्हणाला, "बाबांनी जल्मभर ह्याच घातल्यानी." ही तुमची इस्टेट. म्हणून जिल्हाभरच्या ड्रायव्हरांनो, मेकॅनिकच्या हातातलं झाकण आधी वाचा, आणि बाटलीवर तेच नाव दिसेपर्यंत त्याला एक थेंब ओतू देऊ नका.

हे सभेत मी बोलेन. पण हे पत्र खरं तर शेजारच्या घरी द्यायला हवं, जिथे काका अजून आपल्या हाताला बोल लावत बसलेत. मी गेलेली नाही. ते शांतपणे एवढंच विचारतील, "तुका म्हायत होता?"