शंभर रिबिनी आणि दुहेरी टीप

ती. वन्संना,

शिरसाष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे साष्टांग सध्या कागदावरच गोड मानून घ्या.) तुमचे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला गेला का, की त्यांनी तो अजून जपून ठेवलाय? तुमचे बंधू ठणठणीत आहेत, आणि मी तर गेले चार दिवस जमिनीवरच नाही. अहो, सगळ्या इस्पितळात माझाच गाजावाजा चाललाय!

आमची शिवणखोली तळघरात. तिथे मी, माझं मशीन आणि फाटक्या चादरींचा ढीग, एवढाच संसार. कोणी ढुंकून बघत नाही. तर सोमवारी खुद्द मेट्रनबाई जिना उतरून आल्या. (आम्ही त्यांना कडक इस्त्री म्हणतो. तुमचं आणि त्यांचं फार जमेल.) हातात गुलाबी रिबिनीचं भेंडोळं. म्हणाल्या, स्तनाच्या कॅन्सरबद्दल बायकांना कळावं म्हणून बुधवारी सगळ्यांनी छातीवर रिबीन लावायची आहे, शंभर करा. लवकर कळलं तर उपाय होतो, पण बायका लाजतात, लपवतात, तपासायला म्हणून येत नाहीत. मी म्हटलं, कमाल आहे बाई या बायकांची! (मलाही डाव्या बाजूला वाटाण्याएवढं काहीतरी हाताला लागतंय. तीन आठवडे झाले, कोणाला बोलले नाही. ते राहू द्या, आधी रिबिनींचं ऐका.)

मेट्रनबाईंनी रिबिनीसोबत टाचण्यांचा डबाही दिला होता. आता तुम्हीच सांगा, बावीस वर्षं मशीनवर काढलेली बाई टाचणीवर विश्वास ठेवेल का? टाचणी कधीही दगा देणार आणि नाव मात्र माझं खराब होणार. मंगळवारी सगळ्यांचे धुतलेले डगले आणि गणवेश तुटकी बटणं लावायला माझ्याकडेच येतात. मी पदर खोचला, प्रत्येकावर एकेक रिबीन ठेवली आणि वरून दुहेरी टीप मारली. कडा आत दुमडून, मागून अस्तर लावून. एकही धागा बाहेर नाही. उभं राहून बघत बसावं असं काम झालं हो!

बुधवारी सगळे म्हणाले, वा! गुरुवारी काढायला गेले तर रिबीन निघेना. मोठ्या डॉक्टरांनी स्वतः कात्री चालवली (इतकी ऑपरेशनं केलेला माणूस), तर खिसा फाटला आणि रिबीन जागच्या जागी. कडक इस्त्री लालबुंद होऊन खाली आल्या. माझं तर पाणी पाणी झालं, म्हटलं गेली नोकरी. म्हणाल्या, उसवा! मी म्हटलं, उसवते, पण शंभर उसवायला दोन आठवडे लागतील, मी एकटी आहे. त्यांनी अस्तर उलटून बघितलं आणि वर गेल्या. रिबिनी तशाच राहिल्या.

आणि मग खरी मजा झाली! गेटवरचा रखवालदार गणवेशातच वाण्याकडे गेला. वाणीण म्हणाली, हे काय लावलंय? बिचारा कानापर्यंत लाजला, पण सांगितलं. दुसऱ्या दिवशी बसमध्ये चौघींनी विचारलं. आता तो न विचारताच सांगतो, थांबवावा लागतो! रक्त तपासणारा कामावरून तसाच डगल्यात मुलगी बघायला गेला तिथेही रिबीन, सगळी बोलणी राहिली बाजूला आणि मुलीच्या आईला शनिवारी घेऊन आला. (लग्नाचं अजून कळलेलं नाही.) वरच्या तपासणीच्या खोलीत दिवसाला दोघी यायच्या, काल रांग जिन्यापर्यंत होती. मी तीनदा वर जाऊन बघून आले. रांगेतल्या बायकांना म्हटलं, भिऊ नका गं, त्यात काय भ्यायचंय! मेट्रनबाई मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या, तुम्ही दाखवलंत का? मी म्हटलं, चादरी फार साठल्यात, आणि उतरले खाली.

असो. तुमच्या आशीर्वादाने सगळं छान चाललंय. भावजींना नमस्कार, पोरांना पापे.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. भावजींच्या सदऱ्याचं माप पाठवा, एक रिबीन उरली आहे.

ता. क. पुन्हा. ते वाटाण्याचं तुमच्या बंधूंना कळवू नका. ते रडायला लागतील आणि मग त्यांचे डोळे पुसण्यात माझा दिवस जाईल.

ता. क. शेवटचं. कडक इस्त्रींनी माझं नाव परस्पर लिहून टाकलंय. आजपासून अकराव्या दिवशी, गुरुवारी, सकाळी दहाला. वन्सं, मला फार भीती वाटते हो. त्या खोलीच्या दारापर्यंत तीनदा गेले ती काही रांग बघायला गेले नव्हते. तुम्ही याल का? लग्न होऊन आले तेव्हापासून तुम्हाला घाबरते तेवढी मी कोणालाच घाबरत नाही, तुम्ही शेजारी बसलात की दुसऱ्या भीतीला जागा उरणार नाही. बुधवारीच मुक्कामाला या. गुरुवारी सकाळी येते म्हणालात तर तोवर मी पळालेली असेन.