विमान माझ्यासाठीच निघालं

१९ ऑक्टोबर, शनिवार
हरलो. सलग चौथी मॅच. चूक माझी नाही. कॉलेजच्या फुटबॉल संघात मी बचावाची फक्त मधली फळी सांभाळतो. माझी पोरं जिथे उभी राहायला हवी होती तिथेच उभी होती. चेंडू दुसरीकडून गेला, त्याला मी काय करणार?

मुख्य कोच टीग यांचे दिवस भरलेत. हातघाईची वेळ आली की हा माणूस आकाशाकडे बघतो. वीस वर्षं मी असल्यांच्या हाताखाली काढली. नऊ कॉलेजं झाली. मुख्य कोच बुडाला की त्याच्याबरोबर आम्ही सहायकही बुडतो, कारण नवा येतो तो आपली माणसं घेऊन येतो. धंद्याचा रिवाजच आहे. बोकड कापताना शेपटीला वेगळं विचारत नाहीत.

संकल्प : या खेपेला शेपूट व्हायचं नाही. डोकं व्हायचं.

२७ ऑक्टोबर, रविवार
पुन्हा हरलो. जेवताना बायकोने, लॉर्नाने, विषय काढला. ती इथल्या शाळेत शिकवते. शाळेचा फुटबॉल कोच निवृत्त होतोय आणि मुख्याध्यापिका ओव्हरबीबाईंनी विचारलंय, वेंडेल येईल का? घर सोडायला नको, आमच्या मुलीची, टेसाची, शाळा मोडायला नको.

मला हसू आलं. शाळेचा कोच! सकाळी भूगोल शिकवा, संध्याकाळी पोरांच्या आयांची बोलणी खा. म्हटलं, वाघ गवत खात नाही. लॉर्ना म्हणाली, वाघाने निदान बायकोपोरांना दर दोन वर्षांनी नव्या गुहेत नेऊ नये. आता मी हलणार नाही, वेंडेल. हे शेवटचं गाव.

हे ती मागच्या गावीही म्हणाली होती. त्याच्या आधीच्याही. बायका म्हणतात. विचार करून सांगतो म्हणालो.

१७ नोव्हेंबर, रविवार
टीगला काढलं! चर्चमधून बाहेर पडताना, पार्किंगमध्येच. देव महान आहे.

घरचं कॉफीचं यंत्र बिघडलंय म्हणून मी ऑफिसात गेलो होतो. तेवढ्यात खेळखात्याचे डायरेक्टर हॉइल आत आले. इकडे तिकडे पाहिलं. दुसरं कोणी नव्हतं. म्हणाले, स्ट्राउड, शनिवारची शेवटची मॅच तू सांभाळ. तात्पुरती.

तात्पुरती असं त्यांना म्हणावंच लागतं. पण डोळ्यांत वेगळंच काही दिसत होतं.

दुपारी टीग भिंतीवरचे फोटो उतरवायला आले. मला म्हणाले, शाळेचं बोलावणं आहे म्हणे तुला? डोळे मिटून हो म्हण. मला त्यांची कीव आली. बुडालेल्याने पोहायला शिकवू नये.

२३ नोव्हेंबर, शनिवार
जिंकलो!! एका गुणाने!

शेवटच्या क्षणी समोरच्या पोराने किक हुकवली. माझ्या मावशीनेही मारली असती, इतकी सोपी होती. मी त्याच्याकडे रोखून बघत होतो. लोकांना वाटेल वारा होता.

पोरांनी बर्फाच्या पाण्याची अख्खी बादली माझ्या डोक्यावर ओतली. जिंकलेल्या कोचचा हाच मान. कोरडे कपडे आणले नव्हते. (पुढच्या हंगामात आणायचे.) पत्रकार परिषदेला एकच पत्रकार. त्याने विचारलं, नवा कोच कोण येतोय, काही कानावर? मी नुसता गूढ हसलो. मग शिंकलो.

२५ नोव्हेंबर, सोमवार
सर्दी. ताप. तरीही दोन मोठी कामं उरकली.

एक : ओव्हरबीबाईंना नकार कळवला. आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या सहायकाने, अर्ल डिट्मरने, आडून आडून विचारलं की तुला नको असेल तर शाळेत मी विचारू का? म्हटलं, खुशाल विचार. भूक मेली की माणसाला पेजही गोड लागते. त्याच्यात जिद्द कधीच नव्हती.

दोन : लॉर्ना गॅरेजात सामान हलवायची खोकी घडी करून ठेवते. प्रत्येकावर तिच्या अक्षरात ‘स्वयंपाकघर’, ‘टेसा’, ‘थंडीचे कपडे’. एकावर जुन्या तीन गावांची नावं खोडलेली. सगळी कचरागाडीत दिली. तिला म्हटलं, ही घे भेट. आता कुठेही जायचं नाही! ती रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, बघ हं. मी हे खरं धरून चालेन.

धर की!

२८ नोव्हेंबर, गुरुवार
थँक्सगिव्हिंगचं सणाचं जेवण. टर्की कोरडी. मेहुण्याने विचारलं, मग पुढे काय? मी सांगायच्या आत टेसा म्हणाली, बाबा, पेपरात संभाव्य कोचांची नावं आलीत. वीसेक आहेत. तुझं नाही. म्हटलं, पक्क्या माणसाचं नाव अफवेत येत नसतं. मेहुणा खोकला. लॉर्नाने मला आणखी बटाटे वाढले. विचारलं नव्हतं तरी वाढले.

३ डिसेंबर, मंगळवार. ॲमरिलो, टेक्सास
पुढच्या हंगामाच्या संघासाठी पोरं हेरायला आलोय. इथल्या शाळेत एक दांडगा पोरगा आहे. त्याचा कोच रुबेन साल्सिडो. शाळामास्तरच, पण माणूस मर्यादशील. मला घरी जेवायला नेलं. बायको मारिसोलने एन्चिलाडा केले होते. तीन वेळा घेतले.

साल्सिडोला आमच्या कॉलेजचं भारी कुतूहल. डायरेक्टर कसे आहेत, देणगीदार किती लुडबुडतात, हरलो ते नेमकं कशामुळे? बिचारा. एवढ्या मोठ्या जगातला माणूस त्याच्या टेबलाशी कधी बसणार? मीही हात आखडता घेतला नाही. सगळं सांगितलं. हॉइलना दोनदा हो म्हणायचं आणि तिसऱ्यांदा ठाम नाही म्हणायचं, की ते वश होतात. बचावात भोक कुठे आहे तेही नॅपकिनवर काढून दाखवलं. त्याने नॅपकिन ठेवून घेतला. आठवण म्हणून असेल.

निघताना खांद्यावर हात ठेवून म्हटलं, रुबेन, मी मुख्य झालो की तुझ्यासाठी बघू छोटंसं काही. तो म्हणाला, तुमचा मोठेपणा, कोच.

५ डिसेंबर, गुरुवार. सकाळ
निघालं! विमान निघालं!

या दिवसांत आमचं अख्खं गाव फोनवर कॉलेजच्या छोट्या विमानाचा माग काढत बसतं. ते जिथे उतरतं तिथून नवा कोच निघतो. कधी चुकलेलं नाही. आत्ता अर्लचा फोन आला : विमान ॲमरिलोकडे वळलंय. तिथे कोण आहे रे?

मी आहे!

माझ्या घरी परतण्याचीही त्यांना वाट बघवेना. सूट इस्त्री केला. कॉलेजच्या रंगाचा टाय. लॉर्नाला फोन केला. म्हटलं, विमान माझ्यासाठी निघालंय. ती म्हणाली, त्यांनी तुला बोलावलंय का? म्हटलं, असल्या गोष्टी फोनवर बोलत नाहीत. ती म्हणाली, माझा वर्ग सुरू होतोय.

भाषण तयार आहे. सुरुवात नम्र, शेवट जोरदार.

त्याच दिवशी, संध्याकाळ
लिहायचं नव्हतं. पण लिहितो.

धावपट्टीशी वारा एवढा, की टाय सारखा तोंडात. विमान उतरलं. हॉइल पायऱ्या उतरले. मी हात पुढे केला. ते म्हणाले, अरे स्ट्राउड! तू इथे कसा? बरं झालं, गाडी आहे ना तुझ्याकडे? साल्सिडोचं घर माहीत आहे?

माहीत होतं.

रस्ताभर ते मागे बसून फोनवर बोलत होते. दार मारिसोलने उघडलं. तिच्या गळ्यात आमच्या कॉलेजच्या रंगाचा स्कार्फ. स्कार्फ एका दिवसात येत नाही. म्हणजे परवा मला तिसऱ्यांदा वाढताना तिला सगळं ठाऊक होतं.

त्यांना परत विमानापर्यंत मीच आणलं. बॅगाही मीच चढवल्या. साल्सिडोने मला बाजूला घेतलं. त्याला खरंच अवघड झालं होतं, एवढं मी म्हणेन. म्हणाला, कोच, परवा सांगायची मला बंदी होती. पण तुमचे उपकार विसरणार नाही. दोनदा हो, तिसऱ्यांदा नाही, अगदी तसंच झालं. माझी माणसं ठरलेली आहेत, पण बघू, छोटंसं काही निघालं तर.

विमानात जागा नव्हती. हॉइल म्हणाले, तू ये सावकाश गाडीने.

शाळामास्तर! शाळेतून उचलून आणला! मग मी वीस वर्षं काय केलं?

७ डिसेंबर, शनिवार
घरी पोचलो. लॉर्ना बाहेर गेली होती. ओव्हरबीबाईंना फोन केला. म्हटलं, घाईत नाही म्हणालो होतो, मुलांना घडवण्याची मला पहिल्यापासून ओढ आहे. त्या म्हणाल्या, अरे देवा, कोच, अर्लने कालच सही केली. किती आनंदात होता! भूगोलाचं पुस्तकही लगेच घरी घेऊन गेला.

गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं.

१२ डिसेंबर, गुरुवार
मोंटानाहून फोन. जुन्या ओळखीतल्या एकाला बचावासाठी सहायकाचा सहायक हवाय. गाव लहान आहे, पण तिथला मुख्य कोच थकलेला वाटतो. दोन वर्षांत जागा रिकामी होईल. मी लगेच हो म्हणालो.

लॉर्नाला सांगितलं. ओरडली नाही. मला वाटलं होतं ओरडेल. वह्या तपासत होती, तपासतच राहिली. म्हटलं, खोकी लागतील. ती म्हणाली, दारूच्या दुकानामागे मिळतात, चार आण. म्हटलं, अगं, एवढं घर चार खोक्यांत कसं मावेल? तेव्हा तिने मान वर केली. म्हणाली, घर नाही रे. तुझं सामान.

टेसा जिन्यात उभी होती. वर निघून गेली.

दुकानातला माणूस भला आहे. मॅच बघायला येतो. म्हणाला, कोच, हवी तेवढी न्या, मागे ढीग पडलाय. म्हटलं, नको. चार पुरतील.