सोनूचं जोडपत्र

४ ऑगस्ट, सोमवार
काल वसमतला, विशेष मुलांच्या निवासी केंद्रात जाऊन आलो. सोनूला तिथं ठेवून उद्या एक वर्ष अकरा महिने. भेटीची वेळ अकराची, मी पावणेअकराला हजर. पोरगी पायरीवर बसून रिळावर सूत गुंडाळत होती. राग आला की हेच करायचं, असं तिथं शिकवलंय. रीळ मी केलेलं, सागवानी, दोन्ही कडा पॉलिश पेपरनं घासून.
"पप्पा, नव्वद झाले. बोलू नका."
शंभर झाल्यावर गळ्यात पडली.
वेणी स्वतः घातलेली. जरा डावीकडं ओढलेली, पण पुरे तीन पेड.
निघताना केंद्राच्या मॅडमनी पालक अहवालाचा फॉर्म दिला. राहणं, जेवण, डॉक्टर, सगळं शासनाकडून. पण मंजुरी दर सहा महिन्याला वाढवून घ्यायची. ती आहे म्हणून पोरगी तिथं आहे.

११ ऑगस्ट, सोमवार
फॉर्म भरला. 'पाल्यातील बदल' याला चार ओळी. अकरा वर्षांची पोरगी चार ओळीत कशी मावंल? दोन पानांचं जोडपत्र लावलं. भिंतीवर डोकं आपटणं बंद. चावणं बंद. दोडक्याची भाजीसुद्धा खाते. एकूण वीस मुद्दे, एकही खाडाखोड न्हाई. हे सातवी नापास मोटार मेकॅनिकचं अक्षर आहे, कुणी ओळखून दाखवावं.
शोभा भाकरी थापता थापता म्हणाली, "पोरीचं इतकं कवतिक सरकारला काहून सांगून राहिले?"
तुला कागदातलं काय कळतं, म्हणालो.
(२८/८: वरचं वाक्य खोडणार होतो. राहू दे. आपलंच आहे.)

२८ ऑगस्ट, गुरुवार
हट्ट्याच्या एकाची पाच एचपीची विहिरीवरची मोटार, जळलेली तार काढून नवी भरायला घेतली होती. मॅडमचा फोन. मंजुरी वाढली न्हाई. शेरा असा: प्रगती उत्तम, निवासी उपचाराची गरज दिसत नाही. ३० सप्टेंबरपर्यंतच.
"राठोड भाऊ, काय सांगू, शेऱ्याला तुमचंच जोडपत्र जोडलंय."
फोन ठेवला आणि तारेचे टर्न मोजायला चुकलो. या फाट्यावर बावीस वर्षं मोटारी भरतो, पहिल्यांदा चुकलो. कॉइल सगळी उसवली.

२९ ऑगस्ट, शुक्रवार
शोभाला सांगितलं. ती पीठ मळत राहिली. भांडली असती तर बरं.
जोडपत्रातलं खोटं न्हाई. पण ते तिथलं खरं आहे. मागच्या दिवाळीत पोरगी पाच दिवस घरी होती. तिसऱ्या दिवशी फटाका वाजला, ती सुटली ती सरळ हायवेवर. आडव्या गेलेल्या शोभाला कडकडून चावली. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून...
तिथं घंटा आहे, ठरलेली वेळ आहे, सांभाळायला दोन ताई आहेत. इथं फाटा. दिवसभर हॉर्न.

३ सप्टेंबर, बुधवार
मॅडम म्हणतात अपील करा, वाईट दिवस तारखेसकट लिहा. तारखा काय, सगळ्या आहेत, घरच्या आणि केंद्रातून कळलेल्या. याच वहीत, मोटारींच्या टर्नच्या आकड्याशेजारी. पण सोनूच्या नावापुढं 'चावते' लिहायला हात उठंना. अर्धा तास नुसतं समास आखत बसलो.
शोभा शेजारी येऊन टेकली. "मी सांगते, तुमी लिवा." मग दिवाळीचे वण असलेला दंड पुढं केला. "हे बी लिवा. दात मोजा किती हायेत ते. मोजायची लई हौस ना तुमाला."
मोजले. सहा. दोघांनाही हसू आलं. मग तिला रडू.

१४ सप्टेंबर, रविवार
केंद्रात. अपिलाचा कागद मॅडमला दाखवायला नेला होता, सोनूनं पिशवीतून ओढून काढला. स्वतःच्या नावावर बराबर बोट ठेवलं.
"काय लिवलं?"
तिच्याशी खोटं बोलत न्हाई. हळू आवाजात वाचलं. पातेल्याचं आलं तसं, "ते मंगळवारी."
"बुधवारी, माय. बुधवारी वरणाचं पातेलं फेकलं."
"मंगळवारी. बुधवारी खिचडी असती."
मॅडमनी केंद्राचं रजिस्टर काढलं. मंगळवार!
"खोडा," म्हणाली. खोडलं. माझ्या कागदावरची पहिली खाडाखोड. पोरगी कुणावर गेली, ते विचारायची गरज न्हाई.
मग म्हणे, "वेणीचं लिवलं का?" ते आधीच्या कागदात आहे म्हणालो. "यात बी लिवा."
लिहिलं. मॅडमनी कपाळाला हात लावला.

२४ सप्टेंबर, बुधवार
हिंगोलीला सुनावणी. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.
"दोन्ही तुमचेच? खरा कोणता?"
"दोन्ही, साहेब."
"असं कसं?"
"मोटार बराबर चालून राहिली म्हणून कुणी स्टार्टर काढून नेत न्हाई, साहेब."
साहेबांनी कागद जवळ ओढला. मग खोडलेल्या बुधवारवर पेन टेकवून, "हे कुणी दुरुस्त केलं?"
पोरीनं, म्हणालो. छाती काढून सांगितलं, कसं ते सगळं. त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. कळवतो म्हणाले.
एसटीत बसल्यावर लक्षात आलं. पुन्हा तेच केलं की काय?
शोभा खिडकीबाहेर बघत बसली होती. आखाडा बाळापूर गेल्यावर म्हणाली, "मोटारीचं बरं बोललात."
पोरीचं बोललो ते?
"ते मी बी सांगितलं असतं."

३० सप्टेंबर, मंगळवार
पत्र न्हाई. मॅडमना दोनदा फोन केला. त्यांनाही काही कळवलेलं न्हाई. उद्या अकराला या, तोवर पत्र आलं तर बघू, म्हणाल्या.
दुपारी दुकान बंद करून पिशवी भरली. मोठी रिकामी बॅग घडी घालून, आणायचं झालं तर तिचे कपडे भरायला. आणि लाल सुताचं नवं बंडल, ठेवायचं झालं तर.
शोभा म्हणाली, "एकच काहीतरी न्या."
कोणतं, विचारलं. तिनं दोन्ही बाहेर काढलं. थोडा वेळ मांडीवर ठेवून बसली. परत दोन्ही आत ठेवलं.
सकाळी साडेआठची एसटी.