गोठ्यातलं पान

आबा, तुमचा धाकटा भाऊ त्या साली मेला नव्हता. काका त्यानंतर चांगली वीस-बावीस वर्षं जगले. लग्न केलं, दोन मुलगे आणि एक मुलगी झाली, नातवंडं अंगाखांद्यावर खेळवली आणि दुखऱ्या गुडघ्यांना शिव्या देत भरल्या घरात म्हातारे होऊन गेले. हे आधी सांगून टाकते, कारण मला धीर नाही. ‘या पोरीच्या तोंडात तीळ भिजत नाही’ असं तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचात. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, माझे केस पिकायला लागले, तरी फरक पडलेला नाही. महिनाभर मी नेकनूरच्या घराघरात हेच सांगत फिरतेय. माझ्या जावा आता मला लांबून बघितलं की परड्याच्या दारानं निसटतात.

झालं असं. सुगी आटोपल्यावर भाट आला. ओसरीवर घोंगडी अंथरली, त्यानं लाल कापडाचं बासन सोडून वही काढली आणि माझ्या सासरच्या सहा पिढ्या सुरात वाचल्या. गेल्या खेपेनंतर जन्मलेल्या पोरांची नावं लिहून घेतली. शिधा झाला, पागोटं झालं, पुरुष माणसं उठायला लागली. तेवढ्यात मी दारामागून पुढं आले आणि म्हटलं, ‘माझ्या माहेरचं बी वाचा की. तलवाड्याचं.’ मालक म्हणाले, ‘तुला काय करायचंय? लेकीचं नाव तर त्यात नसतंय.’ म्हटलं, ‘नसू द्या. ऐकायला काय पट्टी पडती का?’ भाट हसला आणि त्यानं पान उलटलं. पणजोबा आले, आजोबा आले, तुम्ही आलात. तुमच्याखाली दादा, दादाची पोरं. मग तुमच्या बाजूला काकांचं नाव आणि त्यापुढं एवढंच, ‘पुढं वंश नाही.’ तुमच्या सांगण्यावरून याच भाटाच्या बापानं ते लिहिलेलं. तो दिवस मला आठवतो. तुम्ही पाठ फिरवून बसला होतात.

भाट वही मिटायच्या बेतात होता. पण थबकला. ‘थांबा बाई. ह्ये नाव म्या कुठंतरी वाचलंय.’ त्याचा चुलता इंग्रजी मुलखातली गावं फिरायचा. तो निपुत्रिक वारला आणि त्याच्या वह्या गेल्याच वर्षी याच्याकडं आल्या. त्यानं दुसरं बासन सोडलं. बोटाला थुंकी लावून एकेक पान उलटतोय, मध्येच चहा मागतोय, आणि माझा जीव इकडं टांगणीला. मग त्यानं वाचलं. काकांचं नाव, त्यांच्या बापाचं नाव, आज्याचं नाव, ‘मूळ गाव तलवाडा, मोगलाई.’ आणि खाली, आबा, खाली दोन मुलगे! त्यांच्या खाली पाच नातू! मी मटकन खाली बसले, मग उठले, मग अशी ओरडले की गोठ्यातल्या बैलांनी दावी ताणली. सासूबाईंना वाटलं, कुणाला तरी विंचू चावला.

काका घर सोडून गेले तेव्हा मी रांगत होते. त्यामुळे ते मला आठवतात ते तुम्ही वाढलेल्या पानातून. मोठ्या दुष्काळात चारा शोधत गुरं घेऊन गेलेला तुमचा बिनलग्नाचा भाऊ, ज्याची खबरबात नाही. दरवर्षी सर्वपित्रीला पितरांचं पान घरावरच्या धाब्यावर जायचं आणि कावळे तुटून पडायचे. काकांचं पान तुम्ही वेगळं वाढायचात आणि गोठ्यात, ते ज्या बाजेवर निजायचे त्या बाजेवर ठेवून बाहेरून कडी लावायचात. ‘मेलेल्याच्या पानाला कावळा शिवतो, जित्याच्या न्हाई,’ असं म्हणायचात. घटकाभरानं दार उघडायचं, पान जसंच्या तसं असायचं, तुम्ही ते गाईला घालायचात आणि त्या दिवशी तुम्हाला दोन पोळ्या जास्त जायच्या. आई चुलीपुढून हसायची. ‘गोठ्यात कावळा कशाला येतोय? मुद्दाम तिथं ठिवता तुमी.’ तुम्ही म्हणायचात, ‘झरोका हाय की उघडा. यायचं तर यील.’ मला आता कळतं, तुम्ही कावळ्याला फसवत होतात. भावाला जितं ठेवायची ती तुमची युक्ती होती.

मग ते वर्ष आलं. तुम्ही कडी काढली आणि पान विसकटलेलं. वडे गेलेले, खीर सांडलेली. तुम्ही झरोक्याकडं बघितलंत आणि दारातच बसलात. ‘हितं बी आला,’ एवढंच म्हणालात. आईनं हात धरला, तर तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलात. मी तुम्हाला रडताना पहिल्यांदाच बघत होते. बारा वर्षं वाट बघायची रीत आहे, अजून निम्मी उरली आहेत, असं भावकीनं सांगून पाहिलं. ‘कावळ्यानं सांगितल्यावर आनिक काय ऱ्हायलं?’ म्हणून तुम्ही गोदावरीवर गेलात, दर्भाचा माणूस करून त्याला अग्नी दिलात, मिशी उतरवून आलात. त्याआधी दर बाजाराला परमुलखातल्या गाडीवानांना तुम्ही काकांविषयी विचारायचात. त्या दिवसापासून विचारणं बंद झालं.

आणि काका तेव्हा पाथर्डीच्या बाजूला एका गावात दुसऱ्याची मोट हाकत होते!

मी हट्टच धरला. मालक म्हणाले, ‘कागदावरच्या भावांना भेटायला कुनी जातं का?’ म्हटलं, मी जाते. बैलगाडीत बसल्यापासून वाटेतल्या पाली गावापर्यंत माझी बडबड चालली होती. त्यानंतर मालकांना झोप लागली, तरी मी बोलतच होते. बीडहून मोटार धरली. मोगलाईच्या सरहद्दीवर करोडगिरीच्या, जकातीच्या नाक्यावर शिपायानं माझ्या गाठोड्याला काठी लावून विचारलं, ‘इसमें क्या है?’ त्यात माझी वही होती. भाटाची यादी मी माझ्या हातानं उतरवून घेतली होती, तुम्ही धूळपाटीवर शिकवलेल्या अक्षरात. गावानं तुमची चेष्टा केली होती, पोरीला शिकवून पाटीलकी करायची का म्हणून. मी शिपायाला म्हटलं, ‘खानदान हाय.’ तो इतका हसला की बाकीची गाठोडी न उघडताच त्यानं मोटार सोडली.

काकांचा थोरला लेक अंगणात बसला होता. एक गुडघा वर, डावा हात मानेमागं, आणि बोलायच्या आधीच हसू. आबा, तुम्हीच बसला होतात! मी काही न विचारता त्याच्या गळ्यात पडले. बिचारा घाबरला. मालकांनी सगळं समजावून सांगेपर्यंत मी नुसती रडत आणि हसत होते. मग काय विचारता! तीन दिवस आम्ही बोलत होतो. आजोबा एका बैठकीत किती भाकरी खायचे, हे त्यांनाही ठाऊक आणि मलाही, फक्त त्यांच्याकडं दोन जास्त. त्यांच्या बायका वहीभोवती जमल्या. एक म्हणाली, ‘आमची नावं कुठं हायती हेच्यात?’ मी तिथंच पेन्सिल काढली. काकूंचं नाव, आईचं नाव, आजीचं नाव, सगळ्या सुना, सगळ्या लेकी. धाकट्या भावाच्या सुनेनं तिच्या तान्ह्या मुलीचं नाव दोनदा वाचून घेतलं. शेवटी माझं नाव तुमच्या नावाखाली लिहिलं. अक्षर वाकडं आलंय, पण आहे.

तिसऱ्या दिवशी निघताना थोरल्यानं मला बाजूला घेतलं. तक्रार नव्हती त्याच्या आवाजात, त्यामुळेच मला ते सहन झालं नाही. म्हणाला, ‘आक्का, आमचा बाप परतायला लई लाजला. गुरं मेल्ती सारी, रिकाम्या हातानं कसं जावं म्हनायचा. पन थोरला भाऊ हुडकीत यील, त्यो आल्याबिगर न्हाई ऱ्हायचा, असं शेवटपत्तोर म्हनायचा. सर्वपित्रीला तुमच्या आबांचं पान कधी वाढू दिलं न्हाई. जिता हाय म्हनायचा. आबा कावून आले न्हाईत गं?’

मी ‘त्यांना वाटलं काका गेले,’ एवढंच पुटपुटले. त्यानं मान डोलावली आणि माझ्या ओटीत शेंगा घातल्या.

आता अक्षय तृतीयेला सगळे तलवाड्याला येणार आहेत. दादानं दोन बैलगाड्या पाठवायचं ठरवलंय. भाट दोन्ही वह्या घेऊन येणार आणि ‘पुढं वंश नाही’ यावर सगळ्यांसमोर काट मारणार. मला चार रात्री झोप नाही, इतका आनंद झालाय. तुमच्या दोघांच्या नावानं पाण्याचे घट शेजारी-शेजारी ठेवू. पानही एकच वाढू, उघड्या धाब्यावर, येऊ देत हवे तेवढे कावळे. पण तिथं कुणीतरी पुन्हा विचारणार, थोरला भाऊ धाकट्याला शोधायला का गेला नाही? आणि सगळे तुमच्या नावाकडं बघतील. बघू नये त्यांनी. तुमची काही चूक नव्हती. हे त्या दिवशी सगळ्यांपुढं बोलायचं मी ठरवलंय, आणि आधी तुम्हाला सांगितल्याशिवाय जीभ उचलणार नाही म्हणून हा कागद. पाठवायचा कुठं, ते काही सुचत नाही. वहीतच राहील.

माझ्या तोंडात एक तीळ भिजला, आबा. त्या वर्षी माझा हात गोठ्याच्या कडीला नुकताच पुरायला लागला होता, आणि हे घरात अजून कुणाला ठाऊक नव्हतं. मोठ्यांची पंगत उठल्याशिवाय पोरांना वाढत नसत, आणि वड्यांचा वास सकाळपासून घरभर होता. मी कडी काढली, दोन वडे उभ्यानं खाल्ले, खिरीत हात घातला, पाऊल वाजलं तशी बाहेर पळाले आणि कडी परत लावली. तुम्ही रडायला लागलात तेव्हा माझ्या तोंडाला अजून खिरीचा गोडवा होता. कावळा आला नव्हता. मी आले होते.