सासूबाईंना न सांगता

प्रिय किनुए,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू आधी म्हणशील, तोकु पत्र लिहितोय म्हणजे त्याला काहीतरी विकायचंय. या वेळी नाही. आधी तुला हवी असलेली बातमी देतो. बदकं आली. बर्फाची पहिली भुरभुर झाली त्याच सकाळी तलवार बदकांचा थवा उतरला. माद्यांची कुरकुर चालू, आणि नर असे मान ताठ करून, की जणू सैबेरियाहून वाट यांनी एकट्यांनीच काढली. पाणी या वर्षी स्वच्छ आहे. उन्हाळ्यात हिरवी साय धरली नाही, वास आला नाही, काठावरच्या घुशीही कमी झाल्या. तुझ्या होड्यांच्या खोपटाचं गळकं छप्पर मी नीट करून घेतलं. आत ओदेनच्या रश्शाचं पातेलं ठेवायची तुझी चूल तशीच आहे. तिच्यावर कोणी काही शिजवत नाही.

बदकांना पाव घालणं बंद झालं, हे तुला तुझ्या मुलाकडून कळलं असेल. आता खोपटाच्या दारात तुझाच चहाचा जुना डबा ठेवलाय, त्यात कोंडा काढलेलं जव. माणशी एक मूठ, तीही विरळ फेकायची, पहिलं बदक पाठ फिरवतं तिथं थांबायचं. पक्ष्यांच्या तापाची खबर आली की डब्याला कुलूप. पाव आणलेला दिसला की आम्ही तो परत पिशवीत ठेवायला लावतो. लोक ऐकतात. मला ऐकतात, हे लिहिताना पेन अडखळतं.

कारण आता मी तळ्याचा माणूस झालोय, किनुए. परवा शाळेनं बोलावलं. साठ-सत्तर मुलं मांडी घालून बसलेली, मागे पालक, कोपऱ्यात गावच्या वर्तमानपत्राची ती चष्मेवाली पोरगी. तुला माहीत आहे, समोर माणसं दिसली की माझी जीभ सैल होते. हातगाडीवर सँडविच विकत वर आलेला माणूस मी, गर्दी मला खाऊसारखी लागते. तर मी म्हणालो, "भुकेलं बदक पाण्यात डोकं घालतं, बिघडलेलं बदक माणसाकडे बघतं." मग बाईंनी विचारलं, "तोकुजीसान, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "तळ्यानं." टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य मोठ्या अक्षरात छापून आलं, वर माझा फोटो, जवाची मूठ हातात.

ते वाक्य कुणाचं, हे तुला सांगायला नको. ते तू मला सुनावलं होतंस, ओदेनच्या वाफेआडून, हातात पळी धरून, आणि पुढे म्हणाली होतीस, "तुझ्या पावाच्या कडा खाऊन ही बदकं पैलवान झालीत तोकु. वसंतात उडायची वेळ आली की काय आगगाडीनं जाणार आहेत?" मी तेव्हा हसलो होतो. माझे कान लहानपणापासून तीक्ष्ण. गुरुजींचा सूर, बाजारातल्या म्हातारीचा हेल, सगळं एकदा ऐकलं की माझं. तुझं बोलणंही तसंच उचलून ठेवलं. फक्त तेव्हा त्याची नक्कल करून लोकांना हसवलं आणि आता गंभीर चेहऱ्यानं शहाणा झालो. माल तोच, वेष्टण वेगळं.

आणि वेष्टणाचं नाव निघालंच आहे, तर त्या पिशवीबद्दल एकदाचं लिहितो. सँडविचच्या पावाच्या कडा कापून उरायच्या, त्या फेकणं जिवावर यायचं. त्या पिशव्यांत भरून बदकांसाठी तळ्याकाठी विकायला ठेवायची अक्कल माझी. सहलीच्या बसगाड्या थांबायला लागल्या. तू मात्र खोपटातून बाहेर येऊन एकेकाला अडवायचीस, "अहो, पोट भरतंय पण अंग धरत नाही, उरलेलं कुजतंय, नका घालू." गिऱ्हाइकं कुरकुरली तेव्हा मी म्हणालो, "मनावर घेऊ नका, त्या बदकांच्या सासूबाई आहेत, सुनांनी दोन घास जास्त खाल्लेले त्यांना खपत नाहीत." कसला हशा झाला. इथवरही ठीक होतं, तूही मला कपाळावर पळी मारायची खूण केली होतीस. पण मी दुकानदार. हशा दिसला की मला त्यात धंदा दिसतो. पुढच्या हंगामात पिशवीवर चित्र छापलं, एप्रन बांधलेली, पळी उगारलेली बाई, आणि खाली ओळ, "सासूबाईंना न सांगता घाला."

पोरं ती ओळ ओरडत तुझ्या दारावरून पळायची. मोठी माणसं ओदेन खाता खाता हळूच पिशवी दाखवायची. तू त्या हिवाळ्यात बाहेर येणं बंद केलंस. मी मनाशी म्हणालो, थंडी फार आहे. वसंतात तू खोपट बंद करून सेंदाईला मुलाकडे निघालीस, गुडघ्यांचं कारण सांगितलंस. स्टेशनावर मी तुला गोड बीनच्या वड्यांची पेटी दिली. गुडघ्यांचं कारण मला पुरलं, कारण मला पुरवून घ्यायचं होतं.

पेट्यांचं मला काय सांगायचं. सँडविचमध्ये केस निघाला, माल उशिरा पोहोचला, की मिठाईची पेटी घेऊन गिऱ्हाइकाच्या दारात. कुणासमोर किती वाकायचं, किती वेळ वाकून राहायचं, हे मला वितीच्या मापानं पाठ. माणसं म्हणतात, तोकुजीसारखी माफी कुणी मागावी. मनात काही नसताना कंबर वाकवणं, हीच ती कला.

तू गेलीस त्या उन्हाळ्यात बारा महिने तळ्यावरच राहणाऱ्या एका बदकिणीची पिल्लं मोठी झाली. बाकीची उडाली. एकाच्या दोन्ही पंखांची टोकं बाहेर वळलेली, उलट्या धरलेल्या पंख्यासारखी. ते पाण्यावरून धावायचं, आपटायचं, परत धावायचं. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, वाढीच्या वयात नुसता पाव मिळाला की असं होऊ शकतं. ते माझ्याकडे पोहत आलं आणि बघत राहिलं. पाण्यात डोकं घातलं नाही. त्या दिवशी घरी येऊन मी उरलेल्या पिशव्या जाळल्या आणि पाव बंद करण्यासाठी गावाच्या मागे लागलो. एवढं तरी खरं माझं. पण तुला कळवलं नाही. आणि शाळेत "तळ्यानं" म्हणालो तेव्हा तर तुझी आठवण आली होती, आणि तरी म्हणालो. ते पिल्लू अजून आहे. थवे येतात, थवे जातात, ते बोरूच्या बेटात एकटंच राहतं.

आता हे पत्र का, ते. नगरपालिका तळ्याकाठी फलक लावतेय. त्यावर ते वाक्य, आणि वाक्याखाली माझं नाव. मी काल तिथं गेलो आणि म्हणालो, माझं खोडा, किनुएचं घाला. कारकून तरुण आहे, इथलाच. म्हणाला, "किनुए कोण?" मी म्हणालो, होड्यांचं खोपट चालवायची ती. त्याचा चेहरा उजळला. "अच्छा, सासूबाई," म्हणाला. "त्यांना नाव पण आहे होय?" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, शाळेत असताना त्यानं ती पिशवी हातात धरली असणार. मी तिथं उभा होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कळेना, किती वाकायचं. फलकावर तुझं नाव चालेल का, हे तुलाच विचारलं पाहिजे, पत्रात नाही, समोर. नको म्हणालीस तरी उद्घाटनाला मीच सांगणार, की मला हे तळ्यानं शिकवलं नाही. रविवारी सकाळच्या गाडीनं सेंदाईला येतोय. दार उघडू नये असं वाटलं तर उघडू नकोस, मी बाहेर थांबेन. आणि उघडलंस तर माझ्या हाताकडे बघू नकोस, किनुए. पेटी आणणार नाही. रिकाम्या हातानं येतोय.

अजून तसं लिहू देशील तर, तुझाच
तोकुजी