आप्पांच्या सीटचा बीप

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

काल गुरुवार, कंपनीची आठवड्याची सुट्टी. सगळे देहूला दर्शनाला. चिखलीतून मी गाडी काढल्यापासून बीप बीप बीप. आप्पा पुढच्या सीटवर, ओवी त्यांच्या मांडीवर, बेल्ट बाजूला लोंबतोय. मागच्या सीटवर ओवीची लहान मुलांची पट्ट्यांची खुर्ची रिकामी. रिकामी तरी कुठली, त्यात सासूबाईंची फुलांची पिशवी. चौथ्या वाढदिवसाला हौसेने घेतली होती मी ती खुर्ची. आप्पा तिला पिंजरा म्हणतात.

या घरात पुढची सीट म्हणजे मान. मोठा पुरुष पुढे, नात मांडीवर, काच खाली, कोपर बाहेर. गाव रामराम घालतं. गाव कुठे उरलंय म्हणा, जिथे बघावं तिथे वर्कशॉप नाहीतर टॉवर. पण रामराम घालणारे कुठून तरी निघतातच.

"ही का वरडती सारखी?"
"मी नाही आप्पा. गाडी ओरडते."

तळवडे येईपर्यंत आप्पा कावले. ओवीला मागे दिलं आणि बेल्ट ओढून लावला. मी हूं की चूं केलं नाही. सासऱ्यांना उलट बोलायची इथे सोय नाही. प्र. तर पोटचा मुलगा, तोही बोलत नाही, मग त्याच्या बायकोने कशाला तोंड उघडावं? म्हणून मला हा बीप आवडतो. निर्लज्ज आहे. मोठा माणूस बघत नाही, पाहुणा बघत नाही, थांबला असं वाटलं की पुन्हा सुरू.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

काल चाकणला, सासूबाईंच्या माहेरी. आप्पांनी नवी युक्ती काढली. बसायच्या आधीच बेल्ट सीटला लावला आणि त्यावर टेकून बसले. बीप गप्प. ओवी मांडीवर. माझ्याकडे बघून हसले, पत्ते जिंकल्यासारखे.

मोशीच्या पुढे पट्टा पाठीला रुतायला लागला. मग चिडचिड. रस्ता खराब, गाडी खराब, कंटेनरवाले खराब. मग म्हणाले, "जित्या माणसाला कोण बांधतं व्हय? बांधत्यात ते तिरडीवर."

घरी आल्यावर ओट्याशी सासूबाई हळूच म्हणाल्या, आप्पांचे धाकटे भाऊ गेले तेव्हा तिरडीची सुतळी यांनीच बांधली होती, दुसऱ्या कोणाला बांधू दिली नाही. छातीवर पट्टा आला की त्यांना तेच आठवतं.

समजलं. वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण ओवीचा त्यात काय संबंध? तिला कशाला मांडीवर घेतात?

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सकाळी गाडीत बसले तर आप्पांच्या सीटच्या खाचेत एक चकचकीत क्लिप. बेल्टची पुढची जीभ असते ना, तेवढीच. पट्टा नाहीच. ती खोचली की गाडीला वाटतं माणसाने बेल्ट लावलाय. बंटीचं काम. बंटी म्हणजे आप्पांचा भाचा, तळवडे रस्त्याला गाड्यांच्या सीटकव्हर-आरशांचं दुकान आहे त्याचं. मामांना दुसरी कुठली भेट सुचली नाही त्याला.

क्लिप उपसली, पर्समध्ये टाकली, महाळुंग्याला कंपनीत पोचल्यावर स्क्रॅपच्या पिंपात फेकली. खणकन वाजली. दिवस बरा गेला.

घरी कोणी काही विचारलं नाही. आप्पांनी जेवताना भाकरी जरा जोरात मोडली एवढंच.

सोमवार, २४ नोव्हेंबर

आज कंपनीच्या गेटवर वॉचमनने गाडी थांबवली. "मॅडम, बेल्ट."

मी बेल्ट लावलाच नव्हता. चिखली ते महाळुंगे. सकाळी ओवीची रडारड, डबा राहिला म्हणून परत वर, त्या गडबडीत. आणि गाडीने एकदाही आठवण केली नाही. समोरचा दिवा नाही, आवाज नाही, काही नाही. मी! घरात सगळ्यांना दिसेल तिथे खटकन बेल्ट लावणारी मी. वॉचमन हसला, मला घाम फुटला.

संध्याकाळी सासूबाईंना खोदून विचारलं. काल संध्याकाळी मी ओवीला घेऊन आकुर्डीला मैत्रिणीकडे रिक्षाने गेले होते, तेव्हा बंटी आला. लॅपटॉप जोडला आणि दोन्ही सीटचा बीप मुळातूनच बंद करून गेला. आता उपसायलाही काही नाही.

किल्ली कोणी दिली? प्र.ने. "आप्पांनी मागितली, नाही कसं म्हणू?"

मंगळवार, २५ नोव्हेंबर

येताना बंटीच्या दुकानावर थांबले.

"जसं होतं तसं करून दे."
"वहिनी, मामांनी सांगितलं तर लगेच करतो."
"गाडी माझ्या नावावर आहे."
"हाय ना. पण घर मामांच्या नावावर हाय."

आणि हसला. गिऱ्हाईक उभं होतं शेजारी, तेही हसलं. वर मला समजावतो, "आवाज बंद केल्यानं बेल्ट काय तुटत न्हाई वहिनी. ज्याला लावायचा त्यानं लावावा." बरोबर आहे की. ज्याला लावायचा नाही त्याच्यासाठीच तो आवाज होता, एवढं या गाढवाच्या डोक्यात शिरत नाही. की शिरतं आणि तरी करतो. दुसरंच खरं असावं.

बुधवार, २६ नोव्हेंबर

सर्व्हिस सेंटरला फोन. तिथला मुलगा म्हणाला, मॅडम करून देतो, पण घरचे परत बंद करून आणतील, असं होतं आमच्याकडे. लोक बंद करून मागायला येतात, चालू करून मागणाऱ्या तुम्हीच.

मी विचारलं, मांडीवर मूल असेल तर? तो एकदम बदलला. म्हणाला, पुढे मूल नकोच. एअरबॅग उघडली तर आधी त्या मुलावर उघडते, आणि मागून मोठ्या माणसाचं वजन येतं. दोन्हीच्या मध्ये मूल.

हे प्र.ला जसंच्या तसं सांगितलं. तो मोबाइल बघत होता. कंपनीत हेल्मेट-बूट घातल्याशिवाय हा माणूस लाइनवर पाय ठेवत नाही, दुसऱ्या कोणी ठेवला तर ओरडतो. घरात आला की हेल्मेटबरोबर जीभही काढून ठेवतो.

"जाऊ दे ना. म्हातारा माणूस आहे. किती दिवस राहिलेत त्यांचे?"
"त्यांचे माहीत नाही. ओवीचे पुष्कळ राहिलेत."

उठून बाहेर गेला. मी एकटीच जेवले. भाजी खारट झाली होती.

शुक्रवार, ५ डिसेंबर

काल. लिहायला हात उठत नाही, पण लिहिते.

मार्गशीर्षातला गुरुवार. सासूबाईंच्या पूजेची फळं, नारळ आणायला निघालो होतो. आप्पा पुढे, ओवी मांडीवर, सासूबाई मागे. मी मान खाली घालून गाडी काढली. काढली मीच. तळवड्याच्या चौकाअलीकडे उलट्या बाजूने टेम्पो आला. ब्रेक मारला. वेग फार नव्हता, पुढेमागे सगळं तुंबलेलंच होतं. तरी ओवी आप्पांच्या हातातून सुटली आणि तिचं तोंड डॅशबोर्डवर आपटलं.

तो आवाज.

ओठ फाटला. पुढचा दात हलतोय. फ्रॉकवर रक्त, आप्पांच्या पांढऱ्या पायजम्यावर रक्त. डॉक्टर म्हणाले थोडक्यात निभावलं, दुधाचाच दात आहे.

दवाखान्यातून बाहेर आल्यावर आप्पांचं पहिलं वाक्य, "असा ब्रेक मारत्यात व्हय गं?"

सासूबाई, "बाईच्या हातात गाडी म्हटल्यावर…"

प्र.ला फोन केला. त्याचाही पहिला प्रश्न, तू कितीवर चालवत होतीस?

मला तिघांचाही राग येतोय. इतका की दात दुखतायत.

रविवार, ७ डिसेंबर

ओवीचा ओठ सुजून निळा. आप्पा दिवसभर तिच्याजवळ बसून आहेत. चमच्याने आइस्क्रीम भरवतात, गोष्ट सांगतात, ती झोपली की डोळे पुसतात. मी पाहिलं. त्यांचा जीव आहे तिच्यावर, माझ्याइतकाच असेल. त्यांचं प्रेम खोटं असतं तर भांडायला किती सोपं झालं असतं.

आईला अंबाजोगाईला फोन केला. "तू गप ऱ्हाय माय. घर मोडून घिऊ नको." सगळ्यांना मी गप्प राहायला हवी आहे. गाडी गप्प केली, आता मी.

चहा देताना एकदा वाटलं, आत्ता बोलावं. आप्पा म्हणाले, "ओवीला बरं वाटलं की तिला पुढं बसवून आळंदीला नेऊ." मी कप ठेवला आणि आत आले. घाबरट.

शुक्रवार, १२ डिसेंबर

काल चाकणला लग्न, सासूबाईंच्या भाचीचं. सगळे नटूनथटून गाडीत. आप्पा पुढे, फेटा बांधलेला. ओवीने उडी मारून त्यांची मांडी गाठली. ओठावर खपली अजून.

मी स्टीअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मग बोलले. आवाज कसला तरीच आला, पण बोलले.

"आप्पा, ओवी मागे तिच्या खुर्चीत बसेल. आणि तुम्ही बेल्ट लावा. नाहीतर मी गाडी काढणार नाही."

सासूबाई म्हणाल्या, "लग्नाला निघालोय गं, आत्ताच का?" प्र. म्हणाला, "अगं…" आणि पुढे काहीच नाही. त्याचं नेहमीचं.

आप्पा ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडले नाहीत. दार उघडलं, ओवीला कडेवर घेतलं, खाली उतरले आणि प्र.ला म्हणाले, "बंटीला फोन लाव. त्याला म्हणावं गाडी घिऊन ये."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसरी गाडी असते.

बंटी आला. आप्पा पुढे. ओवी मांडीवर. सासूबाई मागे. प्र. दोन गाड्यांच्या मध्ये उभा राहिला, माझ्याकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि तिकडे बसला. "आई एकटी आहे मागं," म्हणे. मागच्या सीटवर एकटी! मी चार रिकाम्या सीटा घेऊन त्यांच्या मागोमाग निघाले.

बंटी एका हाताने चालवतो, दुसऱ्या हातात फोन. मोशीपर्यंत चार वेळा कंटेनरला घासून निघाला. मी त्याच्या मागे चिकटून, मध्ये कोणी घुसू नये म्हणून. आप्पांच्या खांद्यावरून ओवी मागे बघत होती. मला हात करत होती. मीही केला.

लग्नात कोणीतरी विचारलं, दोन गाड्या का? आप्पा म्हणाले, "सुनबाईच्या गाडीत आमाला जागा न्हाई." लोक हसले, मीही हसले. मग वाढायला उभी राहिले.

येताना ओवीला म्हटलं, माझ्याबरोबर चल. ती पळत आप्पांकडे गेली. तिकडे काच खाली असते.

प्र. मात्र माझ्या गाडीत येऊन बसला. पुढे. बेल्ट लावला. चिखलीत घराच्या गेटपाशी म्हणाला, "तू बोललीस ते चूक नव्हतं. बोलायला नको होतं." मी त्याला उतरवून गाडी लावली.

रविवार, १४ डिसेंबर

आप्पा माझ्या हातचा चहा घेत नाहीत. सासूबाई करून देतात. ओवीला मी समोर बसवून सांगितलं, पुढे बसायचं नाही, लागतं. ती म्हणाली, "तू ब्रेक मारलास म्हणून लागलं." चार वर्षांची आहे. हे वाक्य तिचं नाही.

आज आप्पांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, येत्या गुरुवारी सकाळी आळंदी, बंटीच्या गाडीनं. ओवीनं नवा फ्रॉक आत्ताच काढून ठेवलाय, आजोबांच्या मांडीवर बसून कोणकोणते हॉर्न वाजवणार ते सांगत फिरतेय.

उद्या ओवीची खुर्ची उचलून बंटीच्या दुकानावर नेणार. त्याच्या गाडीत मागे स्वतः बसवून देणार, त्याच्या गिऱ्हाइकांसमोर, आणि ओवी तिच्यात बसेल असं त्याच्याकडून कबूल करून घेणार. तो हसेल. हसू दे. नाही म्हणाला तर गुरुवारी सकाळी ओवीला ताप असेल, मी सांगेन सगळ्यांना, आणि दिवसभर तिला पांघरुणात ठेवीन.

त्याच्या पुढच्या गुरुवारी काय असेल ते मला अजून सुचलेलं नाही.